हरिकेनग्रस्तांसाठी मदत गोळा करताना: अमेरिकेत नुकत्याच आलेल्या मराठी माणसांसाठी

२७ सप्टेंबर २०२४, शुक्रवार. आम्हाला नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटला येऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. गणपती होऊन गेलेले, पितृपंधरवडा चालू. पहाटेपासून वारा आणि पाऊस असा की खिडकीजवळ उभं राहवेना. आदल्या रात्री ‘हेलीन’ हे हरिकेन, म्हणजे अटलांटिकमधलं मोठं चक्रीवादळ, फ्लोरिडात पेरी गावाजवळ पाचपैकी चौथ्या श्रेणीच्या जोरानं किनाऱ्याला धडकलं होतं आणि सकाळपर्यंत ते आमच्या राज्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांवर पोचलं. तिथं त्याआधीचे दोन दिवस पाऊस पडतच होता, जमीन आधीच तुडुंब भिजलेली. समुद्रापासून शेकडो मैल लांब असलेल्या ॲशव्हिल, स्वॅनानोआ, चिमनी रॉक या गावांतून नद्या घराघरांत घुसल्या. ॲशव्हिलला फ्रेंच ब्रॉड नदीनं १९१६ च्या महापुराची खूणही ओलांडली.

मी सांगलीची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ ची. तेव्हा आम्ही काकांच्या माडीवर दिवस काढले होते. त्यामुळे संध्याकाळी लाईट आल्यावर फोनवर स्वॅनानोआचे व्हिडिओ पाहिले आणि पाण्याचा तो रंग लगेच ओळखला. रात्रभर झोप नाही. सकाळी उठून मी अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, ‘पूरग्रस्तांसाठी कपडे, भांडी, अंथरुणं आणून द्या.’ रविवारी दुपारपर्यंत गॅरेजमध्ये कपड्यांच्या एकोणीस पिशव्या जमल्या. त्यातली एकही डोंगरात गेली नाही, कारण तिथं कपडे कुणालाच नको होते.

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. ती म्हणाली, “अगं, आधी विचार तरी कुणाला काय लागतंय ते. आपल्याकडं त्या वर्षी साड्यांचे ढीग आले आणि खराटा मात्र कुणी धाडला नाही.” खाली जे काही लिहिलं आहे ते त्या एका वाक्यातून सुरू झालं. हेलीननंतरच्या महिन्यांत मी जे शिकले ते नव्यानं इथं आलेल्यांसाठी पायरीपायरीनं मांडते. हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो. टेक्सास, लुइझियाना, फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅरोलायना, यांपैकी कुठंही राहत असाल तर हे कधीतरी कामाला येईल.

पहिली पायरी: दोन दिवस काही गोळा करू नका, फक्त चौकशी करा

हे सगळ्यात अवघड आहे. आत कालवाकालव होत असते आणि हात रिकामे ठेवणं पाप वाटतं. तरीही थांबा. पहिल्या दोन-तीन दिवसांत बचावपथकांचं काम चालू असतं आणि त्यांना रस्ते मोकळे लागतात. हेलीननंतर राज्याच्या वाहतूक खात्यानं सांगून टाकलं होतं की पश्चिमेकडचे सगळे रस्ते बंदच आहेत असं समजा. टेनेसीच्या सीमेजवळ पिजन नदीच्या घळीत आय-४० महामार्गाचा मोठा भाग नदीनं ओढून नेला होता. काही वस्त्यांपर्यंत तर खेचरांच्या पाठीवरून सामान गेलं, आणि शार्लटजवळच्या काँकॉर्ड विमानतळावरून छोट्या खासगी विमानांनी वैमानिक मंडळी औषधं आणि खाणं पोचवत होती. अशा वेळी पाण्याचे क्रेट गाडीत भरून आपण निघालो तर वाटेत अडकून आपणच एक ओझं होतो. कुठलाही रस्ता उघडा आहे का हे राज्याच्या वाहतूक खात्याच्या नकाशावर पाहा. गूगलवर विसंबू नका, कारण वाहून गेलेला पूल त्याला लगेच कळतोच असं नाही.

या दोन दिवसांत करायचं काम म्हणजे फोन. अमेरिकेत २११ हा नंबर ९११ सारखाच लक्षात ठेवा. ९११ जीव वाचवण्यासाठी, तर २११ मदत मागायची किंवा द्यायची असेल तर. निवारा कुठं आहे, कुठली संस्था काय वाटते आहे, स्वयंसेवक कुठं हवेत, हे तिथं सांगतात, आणि दुभाषाही मिळतो. त्याखेरीज आपल्या भागातली फूड बँक (अन्न गोळा करून गरजूंपर्यंत पोचवणारी संस्था), रेड क्रॉसची शाखा आणि जवळचं एखादं मोठं चर्च. चर्च म्हटलं की आपल्याला जरा संकोच वाटतो, पण दक्षिणेकडच्या राज्यांत मदतकार्याचा मोठा भार चर्चच उचलतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या बॅप्टिस्ट मंडळींच्या संस्थेकडं हजारो माणसांचं जेवण शिजवणारी फिरती स्वयंपाकघरं आणि झाडं कापणारी पथकं तयार असतात. तुमचा धर्म कोणी विचारत नाही.

फोन कसा करायचा तेही सांगते, कारण माझे उच्चार समोरच्याला कळतील का या भीतीनं मी अर्धा तास फोन हातात धरून बसले होते. कागदावर पाच प्रश्न लिहून घ्या: आज तुमच्याकडं काय कमी आहे? काय अजिबात नको आहे? सामान कुठं आणि किती वाजता आणायचं? खोक्यावर काय लिहायचं? दोन आठवड्यांनी काय लागेल? शेवटचा प्रश्न विसरू नका, तो बहुतेक कुणी विचारत नाही. मी ज्या फूड बँकेत फोन केला तिथल्या बाईंचा आवाज थकून बसला होता. मी ‘काय नको आहे?’ विचारल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, “कपडे. कृपा करून कपडे नका आणू. आणि विचारलंत हे फार बरं केलंत.”

फोन करताना एक ध्यानात असू द्या: मदत करणारेही बुडालेले असू शकतात. ॲशव्हिलची मॅना ही फूड बँक डोंगरातल्या कितीतरी जिल्ह्यांना धान्य पुरवते, तिचंच गोदाम पुरात गेलं. म्हणून आपत्तीच्या ठिकाणच्या संस्थेला फोन करून त्यांची लाईन अडवू नका. शेजारच्या, कोरड्या गावातल्या संस्थेला विचारा. आम्ही शार्लटच्या फूड बँकेमार्फत काम केलं, कारण तिथून ट्रक रोज वर जात होते.

दुसरी पायरी: पैसे

आपल्याला वस्तू देण्यात समाधान वाटतं. हातात काहीतरी असतं, दिलेलं दिसतं. पण या देशात आपत्तीनंतर सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो पैसाच, आणि हे मी आता मनापासून सांगते. फूड बँक घाऊक भावात घेते. तुम्ही-आम्ही दुकानातून वीस डॉलरचं जे घेतो ते त्यांना कितीतरी स्वस्त पडतं. शिवाय पैशाला गोदाम लागत नाही, निवडणारी माणसं लागत नाहीत, आणि गरज बदलली तर पैसाही तिकडं वळतो. वस्तूंचं ओझं किती होतं याचं एक उदाहरण: १९९८ मध्ये हरिकेन मिचनंतर होंडुरासमध्ये धावपट्टीवर दानाच्या कपड्यांचे इतके गठ्ठे पडले होते की मदतीच्या विमानाला उतरायला जागा नव्हती.

आता पैशांची शिस्त. ग्रुपवर स्वतःचा झेल किंवा व्हेन्मोचा (फोनवरून पैसे पाठवायच्या इथल्या सोयी) क्रमांक टाकून पैसे मागवू नका. हेतू कितीही चांगला असला तरी तुमच्या खात्यात अचानक पन्नास लोकांचे पैसे आले तर हिशेब तुम्हालाच द्यावा लागतो, करखात्यालाही आणि मित्रांनाही. बऱ्याच राज्यांत लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे मागायलाही नोंदणी लागते. सरळ मार्ग असा की नोंदणीकृत संस्थेची लिंक पाठवायची आणि ज्यानं-त्यानं थेट तिथं भरायचे. संस्था खरी आहे का हे पाहायला करखात्याच्या म्हणजे आयआरएसच्या संकेतस्थळावर करमुक्त संस्थांची यादी शोधता येते. तिथं तिचा ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेचा, दर्जा दिसतो. चॅरिटी नॅव्हिगेटर या संस्थांची पारख करणाऱ्या संकेतस्थळावर तिचे खर्चाचे आकडे बघा. वादळानंतर आठवड्याभरात तयार झालेल्या, ओळखीच्या नावाशी एका अक्षराचा फरक असलेल्या संस्थांपासून लांब राहा. राज्याचा अधिकृत निधी असेल तर सगळ्यात सोपं. हेलीनच्या वेळी नॉर्थ कॅरोलायनाचा मदतनिधी ‘युनायटेड वे’ या धर्मादाय संस्थेमार्फत चालत होता.

तुमचं मराठी मंडळ नोंदणीकृत असेल तर खजिनदारांना विचारून मंडळाच्या खात्यात वर्गणी जमवता येते, पण पावती प्रत्येकाला, अगदी पाच डॉलरचीही. एकरकमी २५० डॉलर किंवा त्याहून जास्त दिले तर करसवलतीसाठी संस्थेची लेखी पोच लागते. एखाद्या कुटुंबासाठी गोफंडमीवर (लोकांकडून पैसे जमवायचं संकेतस्थळ) दिलेले पैसे हे दान म्हणून करात धरले जात नाहीत. द्यायचे तर जरूर द्या, पण हे माहीत असू द्या.

आणि कंपनीत विचारा. इथल्या पुष्कळ कंपन्या कर्मचाऱ्यानं शंभर डॉलर दिले की आपले शंभर घालतात. काही कंपन्या तर तुम्ही फूड बँकेत घालवलेल्या तासांचेही पैसे संस्थेला देतात. आमच्या इमारतीतली आयटीतली पाच-सहा मुलं वर्षानुवर्षं त्या कंपन्यांत होती आणि त्यांना हे ठाऊकच नव्हतं. एचआरला एक मेल पाठवला आणि रक्कम दुप्पट झाली. माझ्या मते नव्यानं आलेल्या माणसानं करावं असं हे सगळ्यात मोलाचं काम आहे, आणि त्यासाठी घराबाहेरही पडावं लागत नाही.

व्हिसा आणि रक्त: दोन गोष्टी आधी समजून घ्या

एच-४ (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्यांचा) व्हिसावर असाल तर स्वयंसेवा करता येते का? धर्मादाय संस्थेत, जिथं एरवीही लोक विनामोबदला काम करतात तिथं, हो. फूड बँकेत खोकी भरणं, चर्चच्या आवारात सामान उतरवणं, यात अडचण नाही. पण जे काम एरवी पगारी माणूस करतो ते फुकट करणं ही स्वयंसेवा धरली जात नाही, आणि मोबदला म्हणून गिफ्ट कार्डही घेऊ नका. विद्यार्थ्यांनी शंका असेल तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात विचारून मगच जावं.

रक्तदानाचं मला वाईट वाटलं. सांगलीत आम्ही दरवर्षी शिबिरात जायचो, म्हणून इथंही पहिल्याच आठवड्यात रेड क्रॉसच्या केंद्रावर गेले. तिथल्या नर्सनी नम्रपणे परत पाठवलं. मलेरिया असलेल्या देशात पाच वर्षांहून जास्त राहून इथं आलेल्यांना तीन वर्षं थांबावं लागतं, असा तेव्हा नियम होता. तुम्ही जायच्या आधी फोनवर विचारून घ्या. आपण नाही देऊ शकलो तरी जुन्या, दहा वर्षं इथं असलेल्या मित्राला केंद्रावर सोडून आणता येतं. मी ते केलं.

वस्तू पाठवायच्याच असतील तर

पैसे सगळ्यांकडंच नसतात, आणि संस्थाही काही वस्तू मागतातच. तेव्हा काय लागतं हे दिवसांगणिक बदलतं.

पहिल्या आठवड्यात पिण्याचं पाणी, न शिजवता खाता येईल असं अन्न, बॅटऱ्या, फोन चार्ज करायला पॉवर बँक. डबाबंद अन्न द्याल तर झाकणाला कडी असलेले डबे द्या, नाहीतर सोबत डबा फोडायचं ओपनर. लाईट नसलेल्या घरात विजेवरचा ओपनर काय कामाचा? पीनट बटर टिकतं आणि पोट भरतं. बाळांसाठी डायपर हवेत, पण लोक हौसेनं नवजात बाळाचेच घेतात. गरज मोठ्या आकड्यांची, ४, ५, ६ ची जास्त असते. म्हाताऱ्या माणसांचे डायपर आणि सॅनिटरी पॅड यांची मागणी फोनवर प्रत्येकानं केली आणि गोळा झालेल्या सामानात ते सर्वांत कमी होते. कुत्र्या-मांजरांचं खाणंसुद्धा लागतं. सुरुवातीला मला हे खटकलं, माणसांचं आधी बघावं असं वाटलं. मग निवाऱ्यात एक माणूस भेटला, त्यानं फक्त कुत्रा उचलून घर सोडलं होतं. त्यानंतर माझ्या यादीत ते खाणं वर गेलं.

पाण्याचं वजन हा हिशेब आधी करा. पाऊण-एक हजार पौंडांपलीकडं लहान गाडीची ताकद नसते. ४० बाटल्यांचा क्रेट साधारण ४४ पौंड, म्हणजे २० किलो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. ते वाचा, त्यातून माणसांचं वजन वजा करा आणि उरलेलं ४४ नं भागा. डोंगराच्या उतारावर भरलेल्या गाडीचे ब्रेक तापतात, ही थट्टा नव्हे.

दुसऱ्या आठवड्यापासून गाळ. हे सांगलीकरांना सांगायला नको. गाळ ओला आहे तोवर फावड्यानं निघतो, वाळला की कुदळच लागते. इथली घरं लाकडाची आणि भिंती ड्रायवॉलच्या, म्हणजे पुठ्ठा-जिप्समच्या. त्या पाणी शोषून घेतात आणि दोन दिवसांत आतून बुरशी धरते. म्हणून भिंती खालून उपसून काढाव्या लागतात. त्यासाठी जाड रबरी हातमोजे, कामाचे चामडी हातमोजे, एन-९५ मास्क, काळ्या जाड कचऱ्याच्या पिशव्या, फावडी आणि ब्लीच लागतं. इथं ‘फ्लड बकेट’ नावाची फार चांगली पद्धत आहे: झाकणाची पाच गॅलनची बादली घ्यायची आणि तिच्यातच घासायचा ब्रश, स्पंज, घासण्या, भांड्यांचा आणि कपड्यांचा साबण, वाळत घालायची दोरी, चिमटे, मास्क, हातमोजे, पिशव्या असं सगळं बसवून द्यायचं. कुठल्या संस्थेला नेमकं काय हवं याची त्यांची छापील यादी असते. तिच्यात आपल्या मनानं भर घालू नका. मी एका बादलीत खोबरेल तेलाची बाटली ठेवली होती, हात फुटतात म्हणून. ती काढून ठेवावी लागली, कारण सगळ्या बादल्या सारख्या असल्या तरच वाटणाऱ्याला उघडून बघावं लागत नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डोंगरात थंडी पडायला लागते. मग ब्लँकेट, प्रोपेनचे सिलिंडर, हीटर. ॲशव्हिलमध्ये नळाला पिण्यायोग्य पाणी यायला १८ नोव्हेंबर उजाडला, म्हणजे जवळजवळ आठ आठवडे. लोक ओढ्यातून बादल्या भरून आणत होते, संडासात ओतायला. आमची दिवाळी झाली तेव्हाही तिथं पाणी उकळूनच प्यायचं होतं, आणि बातम्यांतून तर ॲशव्हिल केव्हाच नाहीसं झालेलं होतं.

घरी केलेलं अन्न पाठवू नका. मला ठाऊक आहे हे वाचून वाईट वाटेल. आपल्याकडं पूर आला की घराघरांतून भाकऱ्या जातात, चपात्या जातात. तीच आपली रीत. इथं फूड बँक घरगुती अन्न घेत नाही, काचेच्या बरण्या घेत नाही, तारीख उलटलेलं काही घेत नाही, कारण कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि डब्यात काय आहे हे लेबलाशिवाय कळत नाही. एका मावशींनी रात्रभर जागून चिवडा केला होता, सहा मोठ्या पिशव्या. मी तो तिथं नेला नाही. पण फूड बँकेत आठ तास उभं राहून खोकी भरणाऱ्या आमच्याच माणसांना वाटला, आणि दोन अमेरिकन ट्रकवाले तो खाऊन मावशींना शोधत आले. स्वयंपाकाचा हात असेल तर स्वयंसेवकांना जेऊ घाला. ते घरचंच खातात आणि त्यांनाही कुणी विचारत नाही.

नाही म्हणायचं कसं

हे वेगळं लिहिते कारण मला हेच सर्वांत जड गेलं. नव्या गावात आपल्याला ओळखणारी माणसं मोजकी. त्यात कुणी काकू प्रेमानं नव्या कोऱ्या शाली घेऊन दारात येतात आणि आपण म्हणायचं, “काकू, हे नको.” जीभच वळत नाही. मी शेवटी असं म्हणायला लागले: “काकू, शाल फार सुंदर आहे. त्यांच्याकडून आलेली यादी दाखवू का? त्यात यातलं काय तुम्हाला जमेल ते आपण दोघी बघू.” यादी फोनवर उघडून हातात दिली की ‘मी नाही म्हणते’ असं राहत नाही, पूरग्रस्तच काय ते सांगतात. बहुतेक जण लगेच समजतात. पहिल्या मेसेजमध्येच तीन ओळी ठळक लिहा: काय हवं, काय नको, कधी थांबणार. ‘रविवारी संध्याकाळी सहाला बंद’ हे लिहिलं नाही तर महिनाभर दारात पिशव्या येत राहतात.

माझ्या त्या एकोणीस पिशव्यांचं काय झालं? चांगले कपडे एका सेकंडहँड दुकानवाल्या धर्मादाय संस्थेत गेले, बाकीचे कापड-पुनर्वापराच्या पेटीत. त्यात एक पूर्ण शनिवार गेला आणि तो शनिवार खोकी भरण्यात जायला हवा होता.

खोकी भरण्याचा दिवस

जागा गॅरेज असो की मंदिराचा हॉल, टेबलं आधी मांडा आणि प्रत्येक टेबलावर एकाच प्रकारचं सामान ठेवा. एका खोक्यात एकच वस्तू. ‘थोडं थोडं सगळं’ असं खोकं प्रेमानं भरलेलं दिसतं, पण तिकडं ते उघडून पुन्हा निवडावं लागतं. खाण्याचे पदार्थ आणि साबण-ब्लीच चुकूनही एकत्र नकोत. आमच्या पहिल्या खेपेत डिटर्जंटची एक बाटली झाकणाशी सैल होती. खोकं उचललं तेव्हा तळातून निळा ओघळ आला आणि खालच्या बाळाच्या दुधाच्या डब्यांचे कागद भिजून हातात आले. दूध आत सुरक्षित असेल, पण लेबल गेलेला डबा कुणी बाळाला पाजणार नाही. सात डबे टाकून द्यावे लागले. ते कुणीतरी पगारातून घेतले होते.

खोकं मध्यम आकाराचं, एका माणसाला उचलेल इतकंच, पंधरा किलोच्या आत. लिहायचं ते झाकणावर नव्हे, दोन बाजूंवर. खोकी एकावर एक रचली की झाकण दिसत नाही. ‘डायपर, साइज ५, नग ८४’ असं मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत आणि खाली स्पॅनिशमध्ये. त्या डोंगरांत शेतावर आणि बांधकामावर राबणारी स्पॅनिश बोलणारी कुटुंबं खूप आहेत. पाण्याला ‘आग्वा’ आणि डायपरला ‘पान्यालेस’ म्हणतात हे मी त्या दिवशी शिकले. ट्रक असेल तर खोकी ४० बाय ४८ इंचाच्या पॅलेटवर (लाकडी चौथऱ्यावर), कडेबाहेर न जाऊ देता रचा आणि प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळा. फोर्कलिफ्टवाला तुम्हाला दुवा देईल.

घरची आठवण

मी ज्यांच्यासाठी धावत होते त्यांतले निम्मे लोक माझ्या मनात सांगलीचेच होते. हे मला उशिरा कळलं. म्हणून मी चटया शोधत होते, तूरडाळ घेत होते. सर्वपित्रीच्या दिवशी, २ ऑक्टोबरला, मी फूड बँकेतून आले आणि स्वयंपाकघरात उभी राहून खूप रडले. त्या वर्षी घरी पान वाढायला मी नव्हते, आणि इथं कुणाचं तरी घर वाहून गेलं होतं, दोन्ही एकात एक मिसळलं होतं. नव्या देशात आलेल्याला असं होणं अगदी साहजिक आहे. त्याला कमकुवतपणा समजू नका. पण काम ठरवताना मात्र त्या आठवणीला विचारू नका, यादीला विचारा.

काही गोष्टींनी मला आधार दिला. पुराचे व्हिडिओ दिवसातून एकदाच, तेही संध्याकाळच्या आत. एकटीनं काही नाही, कायम कुणीतरी बरोबर. आणि तुम्ही स्वतः पूर किंवा भूकंप पाहिलेला असेल, त्यामुळं झोप उडाली असेल, तर १-८००-९८५-५९९० ही आपत्तीनंतरच्या मानसिक त्रासासाठीची राष्ट्रीय हेल्पलाईन आहे. ती चोवीस तास चालू असते आणि मोफत आहे. ती फक्त पुरात सापडलेल्यांसाठी नाही, लांबून पाहून हललेल्यांसाठीही आहे.

शेजारच्या आजींनी मला जेवढं सावरलं तेवढं कुणी नाही. इथं दक्षिणेत वयस्कर बाईंना नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारतात. मी पहिल्या दिवसापासून तशीच मारायचे, पण दोन महिन्यांत ‘गुड मॉर्निंग’पलीकडं आम्ही बोललो नव्हतो. मी गॅरेजमध्ये पिशव्यांमध्ये बसलेली बघून त्या आत आल्या. त्यांचा भाऊ डोंगरातल्या ब्लॅक माउंटन गावाला, चार दिवस त्याचा फोन लागत नव्हता. मी त्यांना २०१९ चं सांगितलं, आम्हाला नावेतून कसं काढलं ते. त्या माझा हात धरून ऐकत होत्या. पाचव्या दिवशी भाऊ सापडला, आणि पहिला फोन त्यांनी मला केला, भिंतीपलीकडून.

आपलीच माणसं पुरात असतील तर

डोंगरात बून, कलोव्ही, ॲशव्हिल इथं विद्यापीठं आहेत आणि तिथं भारतीय विद्यार्थी असतात. फेमा ही केंद्र सरकारची आपत्तीखात्याची संस्था नुकसानीसाठी रोख मदत देते, पण ती नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि आणखी काही ठरावीक गटांनाच. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर किंवा एफ-१ वर असलेल्याला सहसा नाही. मात्र निवारा, अन्न, पाणी आणि समुपदेशन कुणालाही मिळतं, तिथं व्हिसा विचारत नाहीत. घरात इथं जन्मलेलं मूल असेल तर त्या मुलाच्या नावानं आईवडील अर्ज करू शकतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी रेंटर्स इन्शुरन्सची पॉलिसी उघडून वाचावी. बहुतेक पॉलिसींत पुराचं पाणी बसत नाही, त्यासाठी वेगळा विमा लागतो.

हिशेब, आणि त्यानंतर

काम संपलं की आठवड्याच्या आत ग्रुपवर हिशेब टाका: किती जमलं, कुठं गेलं, पोचेचा फोटो, काय उरलं आणि त्याचं काय केलं. चुकलं असेल तेही लिहा. मी ते सात डबेही लिहिले होते.

मग कॅलेंडरमध्ये तीन तारखा घाला. पहिली, दोन महिन्यांनंतरची. तेव्हा त्याच संस्थेला तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. दुसरी, पाच-सहा महिन्यांनंतरची. आय-४० चा तो तुटलेला भाग वाहतुकीला उघडला १ मार्च २०२५ ला, तोही दोन्ही दिशांना एकेक लेनच. घरं उभी राहायला याहून वेळ लागतो, आणि तेव्हा सुतारकाम, रंगकाम करणारे हात हवे असतात. आम्ही आठ जण एप्रिलमध्ये एका संस्थेबरोबर स्वॅनानोआला एका घराच्या नव्या ड्रायवॉलला रंग द्यायला गेलो होतो. शेजारच्या आजी पुढच्या सीटवर बसून रस्ता सांगत होत्या.

तिसरी तारीख मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली. त्या दिवशी जुनी यादी काढायची आणि त्यातल्या प्रत्येक संस्थेला फोन लावून बघायचा, की नंबर तोच आहे का, सामान घ्यायची जागा तीच आहे का, आणि उचलणारं माणूस कोण.